मागल्या बाजूची कडी

आमच्या पिकअपच्या केबिनला मागून दार होतं असं सांगितलं की माणसं हसायची. गाडीला मागून फाळका असतो, केबिनला कशाला दार? पण होतं. ड्रायव्हरच्या शिटामागचा जो पत्रा असतो ना, तो खालून बिजागऱ्यांवर बसवलेला अन् वरतून दोन कड्यांनी अडकवलेला. कड्या सोडल्या की धाडदिशी मागच्या हौद्यात आडवा पडायचा. गाडी आधी जालन्याच्या सत्यनारायण शेठची होती. त्यांचा पाइपाचा धंदा. पाइप हौद्यात मावायचे न्हाईत, मंग पत्रा पाडून पाइपाची तोंडं पार ड्रायव्हरच्या खांद्याशी आणून ठेवायचे. शेठनी नवी गाडी घेतली अन् ही आमच्या दारात आली.

कड्या दोन्ही आतून होत्या, ड्रायव्हरच्या बाजूनं. पाइपाला काय कडी काढायची असती? पण पुढं त्याच जाग्यावर पाइपाऐवजी बाया बसायला लागल्या, अन् कड्या तिथंच राह्यल्या.

मी नंदाबाई. बायांची टोळी माझी. म्हणजे मीच बाया गोळा करायची, मीच प्लॉटवाल्या शेठला शब्द द्यायची, अन् उशीर झाला की बोलणी पण मीच खायची. काम कापसाच्या बियाण्याच्या प्लॉटावर. टेंभुर्णीच्या पलीकडं एका पाटलाच्या रानात उत्तमचंद शेठनी प्लॉट धरल्ता. हे काम बघणाऱ्याला खेळ वाटतो. दुपारून उद्या उमलणारी कळी हुडकायची, अंगठ्याच्या नखानं बुडाशी गोल कापायची अन् पाकळ्या, आतले तुरे, सगळं एका पिळात काढून घ्यायचं. मधली काडी तेवढी उभी राह्यली पाह्यजे. तिथं लाल दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून त्या काडीवर फिरवायचं. दव सुकल्यापासून ऊन डोक्यावर येईस्तोवर, बस. नंतर किती बी फिरवा, बोंड धरत न्हाई. म्हणून सकाळची गाडी वेळेवर पोचली पाह्यजे. आमच्या सगळ्या बायांच्या उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं असायचं. बाजारात कोण बाई प्लॉटावर जाती ते अंगठ्यावरून कळायचं.

गाडी चालवायचे माझे थोरले दीर, काकासाहेब. आमचे हे जालन्याला एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात होते. सुट्टीला यायचे, आंघोळ करायचे अन् झोपायचे. दिरांची बायको माझं लग्न व्हायच्या आधीच वारल्ती. त्यांनी दुसरं लग्न केलं न्हाई, लेकरूबाळ न्हाई. गाडी, जेवण अन् झोप, एवढंच त्यांचं.

आमच्याकडं सून थोरल्या दिरासंग बोलत न्हाई. तोंडाकडं बघत बी न्हाई. ते ओट्यावर आले की उठायचं, पदर घ्यायचा अन् आत जायचं. काही सांगायचं असलं तं सासूला सांगायचं. "आत्या, म्हणावं जेवायला उठा." दीर हातभर अंतरावर बसलेले असायचे, सगळं धडधडीत ऐकू जायचं, तरी आमची सासू तुळजाबाई परत तेच त्यांना सांगायची. "काका, जेवायला ऊठ म्हणती." मंग ते म्हणायचे, "येतो म्हणावं." अन् सासू ते मला सांगायची. माझं लग्न झाल्यापासून असंच चालल्तं. गाडीत सासू नसायची. तिथं आमचं बोलणं पत्र्यावर. मागून एकदा ठोकलं की थांबा, दोनदा ठोकलं की चला.

त्या वर्षी पोळ्याच्या आधीच पावसानं पाठ फिरवली. आमची कपाशी गुडघ्याएवढी झाली अन् लाल पडली. पाटलाच्या विहिरीला पाणी होतं म्हणून शेठच्या प्लॉटावर तेवढी फुलं होती. वस्तीवरच्या सगळ्या बाया त्याच फुलांवर तगून होत्या. अन् रस्ता! खडी उखडलेली, वर टाचभर फुफाटा. गाडी चालली की धुराळा मागून वर चढायचा अन् हौद्यात गोल गोल फिरायचा. प्लॉटावर उतरलो की एकमेकींना वळखू यायचं न्हाई.

टोळीत हात म्हणावा तं बेबीनंदाचा. दुसरी बाई एक कळी सोलायची तवर हिची तिसरी व्हायची, अन् काडीला धक्का न्हाई. तिच्या मागं तिच्या जावा, नणंदा, निम्मी टोळी तिच्या घरची. तिला त्या पावसाळ्यात पोरगी झाली. अंगावर पिणारं लेकरू घरी कोणापाशी ठेवणार? ती कडेवर घेऊन यायची. पोरीला पाजताना अंगठ्याला चिंधी गुंडाळायची, नख लागू नये म्हणून. पण धुराळ्याला काय गुंडाळणार? पोरीची छाती घरघरायला लागली. खोकली की काळीनिळी व्हायची. जाफराबादच्या डॉक्टरनं सांगितलं, औषध देतो, पण मातीत नेऊ नका.

एका संध्याकाळी गाडीतून उतरल्यावर बेबीनंदा माझ्यापाशी आली.

"नंदाकाकू, उद्यापून मला धरू नका."

"अन् खाशील काय?"

"काही बी खाईन. हिला त्या मातीत न्यायची न्हाई."

"अगं, तू न्हाई आली तं तुझ्या जावा येतील का?"

ती पोरीच्या तोंडावरची माती पदरानं पुसत राह्यली. पदर बी मातीचाच होता.

आता तुम्ही म्हणाल, हिला पोरीसगट पुढं केबिनमंदी बसवायला काय झालं? पुढं एकटी तरणी बाई, शेजारी परका पुरुष, अन् गाडी तीन गावांतून जाणार. संध्याकाळपर्यंत लोकांनी गोष्ट रचून गावभर केली असती. तिच्या नवऱ्यानं आधीच सांगून ठेवल्तं, हौद्यात बसायचं. अन् पुढचं शीट रिकामं! तिथं दिरांची पाण्याची बाटली अन् टॉवेल असायचा. मला लई चीड यायची. बाया मागं मातीत, अन् बाटली शिटावर.

त्या रातच्याला जेवताना मी चुलीपासूनच बोलले. "आत्या, म्हणावं केबिनचा मागचा पत्रा काढून टाका. बेबीनंदाची पोर शिटावर निजंल, अन् बेबीनंदा मागून हात पुरवील. पत्रा नुसता पाडून जमत न्हाई, आमच्या गुडघ्यावर येतो. पुरताच काढा."

सासूनं घास गिळला. "काका, गाडीचा पत्रा काढ म्हणती. पुरताच."

दिरांचा हात भाकरीवर थांबला. "पत्रा निघत न्हाई म्हणावं."

"निघतो. जालन्याचे शेठ पाइप टाकायचे."

"निघतो म्हणती."

"पाइपाची गोष्ट येगळी."

"कामून येगळी, इचारा."

"कामून येगळी, काका?" सासूनं इचारलं. तिला बी मजा वाटून राह्यल्ती.

त्यांनी कालवणात भाकरी कुस्करली, खाल्ली, पाणी पेले. मंग म्हणाले, "लेकरू पुढं द्या म्हणावं. मी नेतो. पत्रा ऱ्हाऊ द्या."

मी तवा असा आपटला की कुत्रं उठून गेलं. मला वाटलं, काय हा तोरा! लोखंडाचा एक पत्रा, अन् जपतो असा जसं काही घराण्याचं नाव त्याच्यावर लिहिलंय.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी शिटावर बाटली नव्हती. घडी घातलेली गोधडी होती अन् कडेनं त्यांचं धोतर गुंडाळून बांध घातलेला, पोर लवंडू नये म्हणून. बेबीनंदानं तोंड फिरवून दारातून पोर आत दिली. ते पण काचेतून समोरच बघत राह्यले. बेबीनंदा मागं येऊन चढली अन् पत्र्याला कान लावून बसली.

जरा पुढं गेलो न्हाई तवर पोर रडायला लागली. पोर पुढं रडली की मागं हिचं पोलकं भिजायचं. मी पत्र्यावर एकदा ठोकलं. गाडी थांबली. बेबीनंदा फाळक्यावरून उतरली, वळसा घालून पोर घेतली, परत चढली, मातीतच पाजली, परत उतरली, परत ठेवली. मी दोनदा ठोकलं. गाडी निघाली. ओढ्याच्या पुढं परत तेच, वडाशी परत तेच. प्लॉटावर पोचलो तं दव कवाच उडालेलं. उत्तमचंद शेठ बांधावर उभे. दुपार झाली तरी लाल दोऱ्याच्या कळ्या निम्म्या तशाच, कोणी शिवलेल्या न्हाईत. आदल्या दिवशीची सगळी नखं वाया गेली.

शेठ ओरडले न्हाईत. ते ओरडले असते तं बरं झालं असतं. "नंदाबाई, मी तुमच्यावर नाराज न्हाई," ते म्हणाले. "पण फूल मला टाइम देत न्हाई, मी तुम्हाला कुठून देऊ? असंच चाललं तं मला दुसरी टोळी बघावी लागंल." बायांच्या समोर म्हणाले. मी मान खाली घालून कळ्या सोलत राह्यले. बेबीनंदा शेजारच्या ओळीत होती, तिनं वर बघितलंच न्हाई.

घरी दिरांनी सासूला सांगितलं, "आई, म्हणावं, लेकरू म्हणलं की रडणारच. दर रडण्याला ठोकू नका. मी बघतो."

मी बघतो! ज्यानं जन्मात लेकरू उचललं न्हाई तो माणूस म्हणतो मी बघतो. पण शेठचं बोलणं कानात होतं. मी बायांना सांगितलं, ठोकायचं न्हाई.

सकाळी निघालो. पोर रडायला लागली. बेबीनंदानं दातात पदर धरला. तिची जाऊ काहीबाही बोलून राह्यली, वांग्याचं, नवऱ्याचं, पण कोणाचं ध्यान न्हाई. पोर रडतच होती, मधून खोकायची, परत रडायची. माझ्या हाताला नुसती खाज सुटली, पण मी ठोकलं न्हाई. गाडी बी अशी रेंगाळत चाललेली, बैलगाडी बरी. मी मनात म्हणलं, आज परत उशीर, आता काही शेठ ठेवत न्हाई.

अन् पुलाच्या अलीकडं पोर एकदम गप झाली.

हळूहळू न्हाई. खोकली, अन् मध्येच बंद.

बेबीनंदानं माझ्याकडं बघितलं. तिचं तोंड पांढरंफटक पडल्तं. तिनं पत्र्यावर ठोकलं. गाडी चालतीच. परत ठोकलं. गाडी थांबंना. मंग तिनं दोन्ही हातांनी पत्रा बडवायला सुरुवात केली अन् "माझी पोर, माझी पोर" करून राह्यली. कडी आतून. ती बिजागरीच्या फटीत नख घालून ओढायला लागली, तिचं ते नख, ज्याच्यावर तिचं पोट होतं, ते काडकन मोडलं. मी डबा घेऊन पत्र्यावर हाणला. कोणी ऐकंना. मंग माझ्या तोंडातून ते निघालं.

"दादा! गाडी थांबवा! अहो दादा!"

मी इतकी मोठ्यानं ओरडले की पुलाखालचे बगळे उडाले. सगळ्या बाया थिजल्या. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्या माणसाच्या कानावर माझा आवाज पहिल्यांदा थेट गेला. गाडी जाग्यावर उभी राह्यली. आम्ही एकमेकींवर पडलो.

बेबीनंदा कशी उतरली तिला बी ठाऊक न्हाई. मी तिच्या मागं. तिनं दार उघडलं.

पोर झोपली होती. तोंड उघडं, गालावर रडण्याचे ओघळ, अन् मुठीत दिरांचं बोट. डाव्या हाताचं. नुसतं धरलेलं न्हाई, अगदी घट्ट. उजव्या हातात स्टेरिंग, डावा हात पोरीपाशी, म्हणून वस्तीपासून गेअरच बदलला न्हाई, गाडी एकाच गेअरवर कुथत आणल्ती. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. ते काचेतून समोर बघत हळूच म्हणाले, "म्हणावं, झोपलंय."

कोणाला म्हणावं? तिथं सासू नव्हती. ते काचेलाच सांगत होते.

बेबीनंदा पोरीच्या नाकाशी हात धरून उभी राह्यली अन् रडायला लागली. मला बी रडू आलं, अन् राग बी आला. थांबायला काय झाल्तं? जीव गेला होता आमचा. पण गाडी थांबली की पोर उठंल म्हणून तो माणूस थांबला न्हाई, हे दिसतच होतं. राग कोणावर काढायचा ते कळंना. मी मागं जाऊन दोनदा ठोकलं.

ही बातमी आमच्या आधी घरी गेली. सासू ओट्यावरच बसलेली. "नंदे, तू थोरल्याला हाका मारल्या म्हणं भर रस्त्यात?"

"मारल्या."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या लेकराचा श्वास अडकला असता तं लोकांनी बी मारल्या असत्या." मी पदर खोचला अन् पिठाचा डबा काढला. माफी बिफी काही मागितली न्हाई. पण पिठात पाणी जास्तीचं पडलं.

दीर जेवायला बसले. मला वाटलं, आता दीर म्हणणार, टोळी बंद, गाडी बंद. मंग हात धुता धुता म्हणाले, "आई, म्हणावं, हाक बराबर होती."

सासूनं माझ्याकडं बघितलं. सांगितलं मात्र न्हाई. तिला बी वाटलं असंल, एवढं तरी थेट जाऊ द्यावं.

टोळीच्या सुट्टीच्या दिवशी, आमचे हे बी घरी आल्ते, सकाळीच अंगणात ठोकाठोकी सुरू झाली. दिरांनी कड्या सोडून पत्रा पाडला अन् बिजागऱ्यांच्या खिळ्यांवर रॉकेल ओतून हातोडा घातला. आमचे हे झोपेतून उठून पत्र्याचं दुसरं टोक धरायला गेले. आत आल्यावर मला म्हणाले, "दादा बाचं ऐकत नव्हता. तू काय केलं?"

"हाक मारली," मी म्हणलं.

पत्रा गोठ्याला टेकवून ठेवला. मी आतल्या आत खूष. जिंकलेच की मी!

कसलं जिंकणं. दुसऱ्या दिवशी बाया चढल्या, बसल्या, अन् गप. पत्रा होता तिथं आता दिरांची मान. टोपीखालची भाजलेली मान, सदऱ्याची उसवलेली शिवण. एकेकीनं पदर नाकापर्यंत ओढला. तुम्हाला सांगते, आमची सकाळ त्या पत्र्यामागंच उजाडायची. कोणाचा नवरा पिऊन आल्ता, कोणाची पाळी चुकली, कोणाच्या सासूनं काय केलं, हसून हसून पोट दुखायचं. ते सगळं बंद. गुराच्या बाजाराला निघाल्यासारख्या बसलो. पोर रडली तं बेबीनंदानं हात पुरवला, पण पाजणार कशी? समोर पुरुष माणूस. तिनं पाठ फिरवली, तं पोरीपर्यंत हात पोचंना.

अन् दीर? त्यांनी आतला आरसा पार टपाकडं फिरवल्ता, म्हणजे मागं कोणी दिसायलाच नको. मान अशी ताठ, जशी खुंटीला बांधलीय. मागून ट्रक कवाचा हॉर्न देऊन राह्यल्ता, पण त्यांना वाटलं असंल दुसऱ्या कोणाला. ट्रक घासूनच गेला. तेवढ्यात गाडी खड्ड्यात आदळली अन् डावं दार आपोआप उघडलं. पोरीच्या बाजूचं. दिरांनी झेप घेऊन गोधडीच धरली, गाडी रस्त्याच्या खाली उतरून उभी राह्यली. पोर हातात, दार लोंबकळतंय.

तेव्हा मला कळलं, "पत्रा निघत न्हाई" असं ते कामून म्हणत होते. दार असं उघडंल हे त्यांना बी ठाऊक नसंल. पण बाकीचं सगळं ठाऊक होतं. भावजय पाठीशी बसणार, गावच्या लेकीसुना पाठीशी बसणार, त्या मोकळ्या कशा बोलतील, पाजतील कशा, एवढा इचार त्या माणसानं केला होता. अन् हे असलं सासूच्या तोंडून कसं सांगणार? म्हणून भाकरी कुस्करत बसले. मी तवा आपटत बसले.

संध्याकाळी परत येताना गाडी टेंभुर्णीला भिवाच्या दुकानाशी थांबली. भिवाचं वेल्डिंगचं दुकान, नांगर, फाळके, खिडक्या, सगळं करायचा. बाया बाजाराकडं गेल्या. पोर निजल्ती म्हणून मी अन् बेबीनंदा हौद्यातच बसलो. पत्रा दिरांनी सकाळीच आमच्या पायाखाली आडवा टाकून आणल्ता, आम्हाला वाटलं बसायला.

भिवानं दार दोनदा लावून बघितलं. "काकासाहेब, टप खाली बसलाय, म्हणून दार नीट लागत न्हाई. मागचा पत्राच त्याला धरून होता. काढला कोणी?"

"मी."

"मंग परत बसवा."

"बसवायचाच. पण मधी दार पाडून दे. बारकं."

"केवढं?"

दिरांनी दोन्ही हात समोर धरले, पोर घेताना धरतात तसे. भिवानं त्या हातांमधलं अंतर टेपनं मोजलं अन् खडूनं पत्र्यावर आखलं. "खाली पडणारं करू का कडंला उघडणारं?"

"कडंला. बायांच्या गुडघ्याला लागू नये."

"अन् कडी आतून, पहिल्यावाणी?"

"मागून."

भिवा हसला. "मालक, कडी ड्रायव्हरच्या हातात पाह्यजे. बाया काय, कवा बी उघडतील."

"उघडू दे."

"अन् तुमच्या बाजूनं?"

"माझ्या बाजूला काही ठेवू नको. जुन्या कड्या बी काप."

भिवानं काळी काच डोळ्याला लावली. आम्ही तोंडं फिरवली. ठिणग्यांचा उजेड समोरच्या भिंतीवर नाचत होता. बेबीनंदा माझ्या कानाशी म्हणाली, "काकू, त्यांनी ऐकलं असंल का हो आपलं सगळं? इतक्या दिवसांचं? पत्र्याला कान काय, भोकं होती."

"ऐकलं असंल तरी कधी दाखवलं न्हाई," मी म्हणलं. अन् मंग मला कोण कोण काय काय बोलल्तं ते आठवलं, तं कानशिलं गरम झाली. त्यांच्या भाकरी कुस्करून खाण्याबद्दल मी काय बोलले होते ते तं सांगतच न्हाई.

दुसऱ्या दिवशी पत्रा जाग्यावर होता. मधोमध बारकं दार, आमच्या बाजूनं नवी कडी, अजून जळल्याचा वास येत होता. केबिनमंदी दिरांनी टपाच्या दांडीला धोतराची झोळी बांधल्ती. त्यात पोर. बाया चढल्या, दार बंद बघितलं, अन् पहिल्या वळणाच्या आतच सुरू झाल्या. काल दिवसभराचं साठलेलं होतं. मी त्यांना म्हणलं, जरा हळू बोला गं. कोण ऐकतंय!

ओढ्याशी पोर कुरकुरली. बेबीनंदानं कडी काढली अन् हात आत घातला. दारातून पोर इकडं घेतली, पाठ टेकून पाजली, परत झोळीत ठेवली. ना उतरणं, ना ठोकणं. गाडी चालतीच. पोरीच्या पोटावर तिचा चिंधी बांधलेला अंगठा तसाच ठेवून ती बसली. नख अजून वाढायचं होतं, तरी तिनं सवयीनं चिंधी बांधल्ती.

मी त्या दारातून आत बघितलं. आरसा टपाकडंच होता. मागून ट्रकचा हॉर्न आला, लांब.

"दादा," मी म्हणलं. "आरसा सरळ करा."

बाया गप झाल्या. दिरांचा हात आरशाकडं गेला अन् मधीच थांबला. "म्हणावं..." ते म्हणाले अन् अडले. सांगायला कोणीच नव्हतं. मंग म्हणाले, "तुम्ही दिसाल."

"दिसू द्या. ट्रक बी दिसंल."

त्यांनी आरसा सरळ केला. त्यात त्यांचे डोळे मला दिसले. आमच्या ह्यांच्यासारखेच भुरे होते, फक्त खाली सुरकुत्या. मला ते इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाई, ट्रककडं बघितलं, अन् गाडी डावीकडं घेतली. ट्रक धुराळा उडवत गेला. बेबीनंदानं पटकन हात मागं घेऊन दार लावलं, माती आत जाऊ नये म्हणून, अन् कडी सारली.

बाया परत बोलायला लागल्या. आता विषय मीच. दिरासंग बोलली, आरसा सरळ करायला लावला, उद्या गाडी बी चालवंल. मी बी हसून राह्यले. पूल मागं गेला. प्लॉट दिसायला लागला, कपाशीवर अजून दव चमकत होतं, लाल दोरे वाट बघत होते, अन् बांधावर शेठ अजून आलेले नव्हते.

तेवढ्यात पत्र्यावर आवाज झाला.

आम्ही एकमेकींकडं बघितलं. आमच्यातल्या कोणी ठोकलं नव्हतं. आवाज आतून आल्ता. परत आला, हळूच, बोटाच्या पेरानं, एकदाच. कडी आता आमच्या हातात होती, म्हणून दीर ठोकून थांबले. आमची वाट बघत.

मी पदर सारखा केला. बेबीनंदानं कडी काढली.